द्राक्षे आणि कोल्हा

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण वर्गात शिकवायला घेतली की शहरातली मुले हसतात आणि आमच्या तासगाव तालुक्यातून आलेली मुले गंभीर होतात. त्यांचे बरोबरच आहे. आंबट द्राक्ष ही आमच्याकडे विनोदाची गोष्ट नव्हे. गोडी उतरली नाही की व्यापारी पाठ फिरवतो, आणि व्यापाऱ्याने पाठ फिरवली की सोसायटीचे कर्ज तोंड दाखवते. अशा गावात मी वाढलो. तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अडीच एकर बाग आहे. जात तास-ए-गणेश, या नावात आमचे तासगाव आणि तासगावचा गणपती असे दोघेही बसलेले आहेत. चैत्रातली खरड छाटणी, दसरा-दिवाळीच्या सुमाराची फळछाटणी, भुरी, डाऊनी, विरळणी, बेदाणा हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. पुढे एम. ए. होऊन मराठीचा अध्यापक झालो आणि बागेच्या दृष्टीने निकामी ठरलो, तो भाग निराळा.

पण वाचकहो, एक गोष्ट कबूल करतो. ज्या फळावर आमचे घर उभे राहिले त्या फळाचे जे रूप सगळ्या जगात गाजलेले आहे, ते वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी ओठाला लावले नव्हते. यात माझे पुण्य काहीच नव्हते. आमच्या घरात तो विषयच बंद होता.

त्याचे कारण माझे धाकटे काका. १९९० साली, आषाढात ते गेले. हातभट्टीने गेले. मी तेव्हा सहावीत होतो. त्यानंतरच्या एकादशीला तात्यांनी तुळशीची माळ घातली आणि भिंतीवरचा दोघा भावांचा एकत्र फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. त्या दिवसापासून काकांचे नाव आमच्या घरात कोणी घेतलेले मला आठवत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी करायला तलाठ्याचा कागद लागतो; घरातून कमी करायला तेवढेही लागत नाही.

आता भाषेचा अध्यापक म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की या बाबतीत मराठीने मोठा गोंधळ करून ठेवला आहे. मद्य, मदिरा, वारुणी, आसव असे एकाहून एक देखणे शब्द आपल्याकडे पडून आहेत, पण ते सगळे नाटकातल्या राजांसाठी. घरात चालणारा शब्द एकच, दारू. फुग्यातली हातभट्टी ती दारू, चांदीच्या पेल्यातली ती दारू, तोफेत ठासतात तीही दारू, आणि या अंकाच्या निमित्ताने तुमच्या अंगणात मुले जी उडवत असतील तीही शोभेची दारूच! तात्यांच्या लेखी या सगळ्यांत फारसा फरक नव्हता. सगळ्याच घर जाळणाऱ्या. गंमत एवढीच की जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग पाण्यातून घ्यायला वैद्यांनी त्यांना सांगितले आहे आणि ते नेमाने घेतात. त्या बाटलीवर बारीक अक्षरात मद्यांशाचे प्रमाण छापलेले असते. ते मी वाचलेले आहे. तात्यांना वाचून दाखवलेले नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता इटलीत गेलो. माझी भाची फ्लॉरेन्सला जुन्या इमारतींच्या जतनाचे शास्त्र शिकते. "मामा, तुम्ही आणि मामी भाऊबीज झाली की निघा," असे तिने फर्मावले, आणि भाचीचे फर्मान मोडणारा मामा महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. निघताना तात्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "तिकडंबी द्राक्षं हाईत म्हणत्यात. बघून ये." मग जरा थांबून म्हणाले, "नुसती बघून ये."

फ्लॉरेन्समधल्या राजवाड्यांचे आणि चित्रांचे वर्णन मी करणार नाही. ते अनेकांनी केले आहे आणि पाय दुखेपर्यंत पाहूनही मला त्यातले फारसे कळले नाही. चौथ्या दिवशी भाचीने आम्हांला एका छोट्या गाडीत बसवले. आठ माणसे, एक चालक, तोच वाटाड्या. टस्कनी प्रांतातली डोंगरमाथ्यावरची जुनी गावे दाखवायची आणि वाटेत ठिकठिकाणी वाइन चाखवायची, असा तो एका दिवसाचा कार्यक्रम. भाचीने हा दुसरा भाग शेवटपर्यंत सांगितला नव्हता. गाडी सुटल्यावर सांगितला.

"मामा, घाबरू नका. गिळायचं नसतं. तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं."

"म्हणजे पिकदाणी?" सौभाग्यवतींनी विचारले.

मला तो शब्द फारच दिलासा देऊन गेला. चूळ भरल्याने उपास मोडत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मी मनातल्या मनात धर्मशास्त्राची सभा भरवली, दोन्ही पक्ष मीच मांडले आणि निकालही मीच दिला, की थुंकलेली वाइन ही प्यालेली वाइन नव्हे.

पहिले गाव सान जिमिन्यानो. दुरून पाहिले तेव्हा डोंगरावर कोणी दगडी उदबत्त्या खोचून ठेवल्या आहेत असे वाटले. ते बुरूज. पण लढाईचे नव्हेत, भाऊबंदकीचे! बाराव्या-तेराव्या शतकात हे गाव केशराच्या व्यापारावर आणि वाटसरूंवर गब्बर झाले, आणि गब्बर घराण्यांनी शेजाऱ्यापेक्षा आपला बुरूज उंच चढवण्याची चढाओढ लावली. एका काळी असे ७२ बुरूज होते म्हणतात. आज १४ उरले आहेत. त्यांतला सर्वांत उंच ५४ मीटरचा, तो मात्र कोणा सावकाराचा नव्हे तर गावाचा. १३११ साली पुरा झाला. पुढे १३४८ मध्ये प्लेगने निम्म्याहून अधिक माणसे नेली, थोड्याच वर्षांत गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले आणि जे गरीब झाले ते झालेच. मौज अशी की त्या गरिबीनेच गाव वाचवले. पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता. १९९० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. तो आकडा वाचून मी क्षणभर थांबलो. त्या वर्षी आमच्या घराने आपला एक बुरूज पाडला होता.

गावातून एक जुनी वाट जाते, व्हिया फ्रान्चिजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीपासून रोमपर्यंतची ही यात्रेकरूंची वाट. ९९० साली एक इंग्रज धर्मगुरू या वाटेने रोमहून परत गेला आणि त्याने मुक्कामांची यादी लिहून ठेवली; त्या यादीत हे गाव आहे. हजार वर्षांपूर्वीच्या वारीचे मुक्काम वाचताना मला वाखरी आणि वेळापूर आठवावे हे ओघानेच आले. रस्त्याने पाठीवर पोती आणि हातात काठ्या घेतलेली दोन तरुण माणसे चाललेली दिसली, तेव्हा सौ. म्हणाल्या, "यांच्याकडे टाळ तेवढे नाहीत."

गावाच्या खालच्या उतारावर एका मळ्यात पहिली चव घेतली. व्हेर्नाच्चा नावाची पांढरी वाइन. पांढरी म्हणजे वाळलेल्या गवताच्या रंगाची. मूळ स्थानावरून नावाचा हक्क देण्याचा कायदा इटलीत झाल्यावर, १९६६ साली, पहिला मान हिला मिळाला. पण तिची कीर्ती फार जुनी. दान्तेने आपल्या महाकाव्यात चौथा मार्टिन नावाचा पोप शुद्धिलोकात उपाशी उभा केला आहे. त्याचा अपराध कोणता? बोल्सेना सरोवरातले वाम मासे आणि व्हेर्नाच्चा यांचा हव्यास! दान्तेबद्दल मला वेगळेच प्रेम आहे. आपल्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध केली, आणि त्यानंतर वीसेक वर्षांत या गृहस्थाने लॅटिन बाजूला ठेवून टस्कनीच्या बोलीत लिहायला घेतले. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. पंडितांनी दोघांनाही काय काय ऐकवले असेल याची मात्र मला चांगली कल्पना येते.

ग्लास हातात आला. वाटाड्याने शिकवले त्याप्रमाणे मी तो फिरवला, नाक घातले, एक घोट तोंडात घेतला, डोळे मिटून घोळवला आणि पिकदाणीकडे वळलो. इथे एक अडचण लक्षात आली. थुंकणे हे आपल्याकडे कितीही राष्ट्रीय कार्य असले, तरी पांढऱ्या मेजपोसाजवळ, सात परक्या माणसांसमोर, घाटदार भांड्यात नेम धरून थुंकणे याला फार वेगळी तालीम लागते. माझा नेम चुकला. सौभाग्यवतींनी पदर सावरला, माझ्याकडे न पाहता आपला घोट शांतपणे गिळला, आणि म्हणाल्या, "कच्च्या कैरीच्या पन्ह्यासारखं लागतंय. साखर कमी आहे." बारा वर्षे शाळेत गणित शिकवल्याने त्यांना धर्मशास्त्राची सभा भरवावी लागत नाही. बरोबर दिलेल्या पावात मीठ नव्हते. टस्कनीत पाव अळणीच करतात. पुढे दिवसभर आम्हांला तो अळणी पाव भेटत राहिला आणि दर वेळी सौ. पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढीत राहिल्या. शेवटी वाटाड्याने ती मागून घेतली.

मोन्तेरिज्जोनी हे दुसरे गाव पाहायला वीस मिनिटे पुरतात, आणि आम्हांला तीस मिळाली. सिएना शहराने फ्लॉरेन्सवर नजर ठेवण्यासाठी १२१३ च्या सुमारास टेकडीवर बांधलेली ही गढी. गोल तट, तटावर १४ बुरूज, आत एक चौक, एक देऊळ, चार गल्ल्या. दान्तेला नरकाच्या तळाशी अर्धे बुडालेले राक्षस दिसले ते या तटावरच्या बुरुजांसारखे. आज आत राक्षसांऐवजी आइस्क्रीमची दुकाने आहेत.

तिथून क्यांतीचा मुलूख सुरू होतो. रस्ता सापासारखा वळत चढतो, दोन्ही अंगांना द्राक्षाच्या ओळी, मध्येच ऑलिव्हची करडी झाडे, आणि टेकडीच्या कडेला सुरूसारखे उभे काळपट सायप्रस. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. तोडणी आटोपलेली. वेलींची पाने पिवळी, तांबडी होऊन गळायला लागलेली. हे दृश्य पाहून सगळी गाडी हरखली आणि मी एकटा अस्वस्थ झालो. माझ्या बालपणात पिवळी पडलेली बाग म्हणजे रोगाने गेलेली बाग. इथे ती झोपायला निघाली होती. आमच्या वेलीला झोप ठाऊक नाही. आमच्याकडे थंडी एवढी पडतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून जागे करायचे आणि एकदा पीक घ्यायचे. ज्या दिवशी मी हे पाहत होतो त्या दिवशी तात्यांच्या बागेत फळछाटणीनंतरची पोपटी फूट आली होती आणि तात्या आभाळाकडे बघत बसले असतील, ढग आले तर डाऊनी येईल म्हणून.

कास्तेल्लिना गावात तटाला लागून एक छतबंद बोळ आहे, त्यातून चालताना पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून जातो आहोत असे वाटते. तिथे एका दुकानात वाटाड्याने काळ्या कोंबड्याची कथा सांगितली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांचे या मुलखावरून पिढ्यान्पिढ्या भांडण. शेवटी ठरले की पहिल्या बांगेला दोन्हीकडून एकेक स्वार निघावा आणि ते भेटतील तिथे सीमा आखावी. सिएनाकरांनी पांढऱ्या कोंबड्याला खाऊ घालून गुबगुबीत केले. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा उपाशी कोंडून ठेवला. तो भुकेने पहाट होण्याआधीच आरवला, आणि त्यांचा स्वार पार सिएनाच्या वेशीजवळ पोचला. आज क्यांती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर तो काळा कोंबडा असतो. कथा खरी नसेल. पण सीमातंटा कोंबड्यावर सोपवणारे लोक मला तरी शहाणे वाटले. कागदोपत्री सीमा आखली ती तिसऱ्या कोसिमो मेदिचीने, १७१६ साली.

इथली वाइन तांबडी. सानजोव्हेझे जातीच्या द्राक्षाची; निदान ८० टक्के तरी तीच असली पाहिजे असा नियम आहे. ती तोंडात घेताच जीभ आखडली, हिरड्या कोरड्या झाल्या. गाडीतल्या एका अमेरिकन बाईंनी या संवेदनेला काय म्हणायचे ते विचारले. वाटाड्याने कोरडी, पकडणारी, मखमली नसलेली अशी चारपाच विशेषणे फेकून पाहिली. मला राहवले नाही. मी म्हटले, आमच्या भाषेत याला एकच शब्द आहे, तुरट. अर्धवट पिकलेले जांभूळ खा, कळेल. सहा रसांत आम्ही त्याला स्वतंत्र आसन दिलेले आहे. बाईंनी 'तुरट' हा शब्द वहीत लिहून घेतला. माझ्या अध्यापनाच्या वीस वर्षांत इतक्या उत्सुकतेने कोणी वहीत काही लिहून घेतल्याचे मला आठवत नाही.

यानंतर आम्ही राद्दाच्या बाजूला एका शेतघराशी उतरलो, आणि जे सांगायला मी बसलो आहे ते इथे घडले.

घर दगडी, जुने. अंगणात ऐंशीच्या घरातला एक म्हातारा उभा होता. व्यवहार त्याचा नातू पाहतो. म्हातारा नुसता उभा राहतो. बोलायला भाची मध्ये होती. त्याचा बाप या घरात निम्म्या वाट्याने शेती करणारा कूळ होता. या मुलखात शतकानुशतके तीच रीत होती: जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक अर्धे-अर्धे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. पण तोवर माणसे कंटाळून शहरात कारखान्यांकडे निघून गेली होती. डोंगरावरची घरेच्या घरे ओस पडली, वेलींत झुडपे माजली. "माझे दोन भाऊ गेले. मी राहिलो," म्हातारा म्हणाला. पुढे थोडी जमीन विकत घेतली. आता त्याच ओस घरांत परदेशी पाहुणे पैसे मोजून राहायला येतात.

मी बागायतदाराचा मुलगा आहे असे भाचीने सांगताच त्याने मंडळींना नातवाच्या हवाली केले आणि माझा दंड धरून मला ओळीत नेले. मग आमची जी काही बैठक जमली! त्याची द्राक्षे केवढी, तर टपोऱ्या वाटाण्याएवढी. जाड साल, आत दोन-तीन बिया. बी चावून पाहायची, ती तपकिरी होऊन कुरकुरीत लागली की द्राक्ष पिकले. मी म्हटले, आमच्या द्राक्षाला बी नसते. मणी लांब व्हावा म्हणून आम्ही घड जीएच्या पाण्यात बुडवतो. त्याने कपाळाला हात लावला. एकरी किती काढता? मी म्हटले, वडील दहा टन काढतात. त्याने बोटांवर हिशेब केला. त्यांना कायद्यानेच हेक्टरी साडेसात टनांच्या वर काढता येत नाही, म्हणजे एकरी तीन. जास्त घड आले तर हिरवे असतानाच कापून जमिनीवर टाकायचे. "दहा टन!" तो भाचीला म्हणाला, "विचार यांना, द्राक्षं काढतात की कलिंगडं?"

आमच्याकडे पाऊस नसेल तर टँकरने पाणी आणून बाग जगवतात, हे ऐकून मात्र तो गप्प झाला. ते त्याला कळले. मग मी मोबाइलमधला तात्यांचा फोटो दाखवला. मांडवाखाली उभे असलेले, डोक्यावर टोपी, गळ्यात माळ. तो बराच वेळ पाहत राहिला. चेहरा नव्हे, वेलीचे खोड पाहत होता. कलमाची गाठ त्याने बोटांनी मोठी करून पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका किडीने युरोपच्या वेलींची मुळे खाल्ली, तेव्हापासून त्यांची वेल अमेरिकन खुंटावर उभी असते. आमचीही तशीच, डॉगरीज खुंटावर. मुळे दोघांचीही परकीच निघाली.

मग तो वाकला. ओळीतली एक काडी त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली, हलकेच फिरवली, एका डोळ्यावर नख टेकवले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या पोटात खड्डा पडला. काडी अशी धरणारा एकच माणूस मी पाहिला होता. काका छाटणीला उभे राहिले की शेजारच्या गावचे लोक पाहायला येत. आज आमच्याकडे काडीतले डोळे प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काका दोन बोटांत फिरवून सांगत, इथं घड आहे, इथं नुसती पानं आहेत. नंतर नंतर त्यांची बोटे थरथरू लागली आणि मग कोणी बोलावीनासे झाले.

म्हाताऱ्याने आम्हांला घराच्या माळ्यावर नेले. लाकडी जिना अरुंद. वरचे दार उघडले आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. आढ्याच्या आकड्यांना दोन-दोन घड जोडून टांगलेले, खाली बोरूच्या चटयांवर पसरलेले. पांढऱ्या द्राक्षांचे, सुरकुतलेले, मधासारख्या रंगाचे. खिडक्या सताड उघड्या. आणि तो वास! वाचकहो, तो वास मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. गोड, किंचित आंबूस, धुळीचा, उन्हाचा. तो आमच्या बेदाण्याच्या शेडचा वास होता.

काकांच्या शेवटच्या वर्षी तात्यांनी त्यांना घरात घेणे बंद केले होते. फाल्गुन-चैत्राचे दिवस. काका शेडमध्ये, वाळत घातलेल्या द्राक्षांच्या जाळ्यांखाली पोते अंथरून झोपत. आई मला भाकरी बांधून देई आणि म्हणे, तात्यांना सांगू नको. मी जाऊन ती त्यांच्या उशाशी ठेवी. कधी ते जागे असत. वरच्या जाळीतून एखादा अर्धवट सुकलेला मणी काढून माझ्या हातावर ठेवीत आणि म्हणत, "आणखी चार दिवस." एवढेच. माझ्याजवळ त्यांचे तेवढेच आहे.

म्हातारा सांगत होता आणि भाची मला समजावत होती. या द्राक्षांची जी होते तिचे नाव व्हिन सान्तो, पवित्र वाइन. पूजेत वापरतात म्हणून हे नाव, असे कोणी म्हणतात. दुसरी कथा अशी की १४३९ च्या सुमारास फ्लॉरेन्सला धर्मपरिषदेसाठी आलेला एक ग्रीक धर्मगुरू ती चाखून आपल्या भाषेत 'क्सान्तोस' म्हणाला आणि लोकांनी ऐकले 'सान्तो'. एरवी अशा व्युत्पत्तीवर मी अर्धा तास बोललो असतो. तीन-चार महिने घड असे सुकवायचे, मग पिळायचे, छोट्या पिंपात भरून तोंड बंद करायचे आणि पिंपे याच माळ्यावर ठेवायची, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि हिवाळ्याच्या गारठ्यात. निदान तीन वर्षे, पुष्कळदा अधिक. पिंपाच्या तळाशी आधीचा जो दाट गाळ राहतो तो टाकत नाहीत. त्याला ते 'आई' म्हणतात.

"विरजण," सौ. म्हणाल्या.

म्हाताऱ्याने कपाटातून लहानसे पेले काढले. हिची वाइन ओतून झाल्यावर त्याने ताटलीत बदाम घातलेली कडक बिस्किटे ठेवली आणि ती बुडवून खायची असतात, असे खुणेने दाखवले. आपण चहात टोस्ट बुडवतो तशी. रंग गुळाच्या पाकासारखा. माळ्यावर पिकदाणी नव्हती.

मी तो पेला प्यालो. बिस्किटाचे निमित्त करता आले असते, पण मी ते केले नाही. सरळ प्यालो. आधी गोड लागले, मग बेदाण्यासारखे, मग अगदी शेवटी किंचित कडू. सौ. खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहत उभ्या राहिल्या. भाचीला काय झाले ते कळेना, काकांबद्दल तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. "मामा, जास्त झाली का?" तिने विचारले. मी मान हलवली. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्याचा नातू दुसरा पेला भरायला पुढे झाला तेव्हा त्याला हाताने थांबवले.

परत आल्यावर पहिल्या रविवारी गावी गेलो. तात्या बागेत होते. फुलोरा आला होता, आणि ते घडाघडाशी वाकून पाहत होते. सकाळी धुके पडले होते म्हणून जरा काळजीत होते. मी त्यांच्या मागे मागे चालत सगळे सांगितले. बुरूज, पिवळी बाग, एकरी तीन टन, कापून टाकलेले हिरवे घड. "येडीच म्हणायची," असे म्हणत ते पुढच्या वेलीकडे जात. मग मी माळ्याचे सांगितले. आणि मग म्हणालो, "तात्या, ती मी प्यालो. एक पेला."

त्यांचा हात वेलीवरून निघाला नाही. ते चार पावले पुढे गेले, एक घड उलटून पाहिला, आणखी एक पाहिला. त्या ओळीच्या टोकापर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. टोकाला त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"काडी बोटात धरून फिरीवली म्हणालास त्यानं?"

"हो."

"तुझा काका तसा बघायचा." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "नजर चुकली न्हाई कधी त्याची."

मी काहीच बोललो नाही. 'काका' हा शब्द त्यांच्या तोंडून मी चौतीस वर्षांनी ऐकत होतो. ते मात्र दुसऱ्या ओळीत शिरलेसुद्धा होते. तिथून त्यांचा आवाज आला.

"तीन-तीन म्हैनं टांगून ठेवत्यात म्हणतोस. आन् बुरशी न्हाई धरत?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग इच्यार की. लाव पोरीला फोन, म्हणावं त्या म्हाताऱ्याला गाठ."

मी घड्याळ पाहिले. म्हटले, "तात्या, तिकडे आत्ता पहाटेचे सहा वाजले असतील."

"शेतकरी असंल तर उठला असंल," तात्या म्हणाले.